भरवशाचं हत्यार

काही महिन्यांसाठी दिलीपची नाशिकला बदली झाली आणि त्याच संध्याकाळी त्याने ठरवलं, की वैजयंतीला एक पिस्तूल घेऊन द्यायचं. नेरूळच्या फ्लॅटमध्ये आता ती एकटीच राहणार होती. समोर खाडी, मागे झाडी, आणि वॉचमन असा, की कोणी त्यालाच खुर्चीसकट उचलून नेलं असतं तरी जागा झाला नसता. लग्न झाल्यापासून दिलीपने बायकोला कधी एकटं सोडलं नव्हतं. आपल्यामागे तिचं कसं होणार, याचीच त्याला काळजी लागली.

दिवसाढवळ्या स्वप्नं पाहण्यात दिलीपचा हात धरणारा कोणी नव्हता. खाडीत उतरलेले रोहित पक्षी पाहत तो चहाचा कप घेऊन बाल्कनीत बसे आणि चहावर साय धरे. आता त्या गुलाबी थव्याच्या जागी त्याला वैजयंती दिसू लागली. अबोली साडी, केसांत गजरा, हातात इवलंसं चंदेरी पिस्तूल. दारातला चोर तिला पाहताच हात जोडून "चुकलो वहिनी" म्हणतो आणि जाताना दाराबाहेरच्या चपलाही सरळ लावून जातो. मग वैजयंती नाशिकला फोन लावते. "तुमी पिस्तूल दिलं म्हनून वाचले हो," असं म्हणते. या वाक्याशी आला की दिलीप स्वप्न पुन्हा पहिल्यापासून सुरू करी.

पिस्तूल भरवशाचं हवं आणि मुख्य म्हणजे तिच्या हातात बसेल असं हवं. बांगड्या आणायच्या तर मापाला जुनी बांगडी न्यावी, हे दिलीपने लहानपणापासून आईकडे पाहिलेलं. वैजयंतीच्या काचेच्या बांगड्या तर तिच्या हातात. तेव्हा शनिवारी सकाळी ती मासळी आणायला खाली उतरल्याबरोबर त्याने तूरडाळीच्या डब्यात हात घातला, तळाशी लपवलेल्या तिच्या सोन्याच्या पाटल्यांपैकी एक काढली, रुमालात गुंडाळली आणि वाशीहून मुंबईची बस पकडली. खाडीपुलावर वारा असा सुटला होता, की दिलीप अर्ध्या रस्त्यातच स्वप्नात गोळी झाडून मोकळा झाला.

बंदुकांच्या दुकानातला म्हातारा मालक मात्र पुरता जागा होता.

"लायसन?"

"ते नंतर काढू ना. आधी वस्तू पसंत करतो. ही मापाला आणलीय."

म्हाताऱ्याने काउंटरवरची पाटली पाहिली, चष्मा काढला, पुसला, परत पाहिली. "साहेब, सोनाराचं दुकान पलीकडच्या गल्लीत."

"नाही हो, मिसेसचा हात केवढा ते कळावं म्हणून. नाजूक आहे, घाबरट आहे जरा."

"असं करा," म्हातारा समजुतीने म्हणाला, "मिसेसच्या नावाने अर्ज करा. पोलीस चौकशी होईल, लायसन मिळालं तर मिसेसना घेऊन या. पाटली घरी ठेवा."

एवढ्यात दिलीपचा फोन वाजला.

"अवो, घरात चोरी झाली!" पलीकडून वैजयंती ओरडत होती. "डालीच्या डब्यातली पाटली गेली! लवकर या!"

खरं तिथल्या तिथे सांगता आलं असतं. पण सोनं खिशात घालून बसने हिंडतोय हे फोनवर सांगायला छाती लागते. "मी... मी येतो, तू शांत राहा," एवढंच दिलीप म्हणाला आणि परतीच्या बसमध्ये, पाटली गुपचूप डाळीत परत कशी टाकायची, याचं स्वप्न पाहत बसला.

घरी पोहोचला तर दारात सगळी सोसायटी. शेजारच्या मालतीबाई सर्वांत पुढे. "अहो, चोर सापडला! तुमच्या मिसेसनीच पकडलाय!"

दिलीप गर्दीतून वाट काढत घरात शिरला. आत स्टुलावर नळ दुरुस्त करायला आलेला धनाजी प्लंबर बसला होता. मांडीवर तळलेल्या बोंबलांची ताटली, पण एकाही बोंबलाला हात लावलेला नाही. त्याच्यासमोर जमिनीवर विळीवर पाय देऊन बसलेली वैजयंती सुरमई कापत होती.

"खा. उपाशी नको राहू," ती म्हणाली आणि विळीवरून एक तुकडा खाली पडला. "पन खरं सांग. किचनमदी तुझ्याशिवाय कोन आलंवतं?"

"वहिनी, आईशप्पत, मी फक्त नळ खोलला," धनाजी रडकुंडीला आला होता. बाजूला हवालदार अंकुश उभे होते. तेही विळीपासून अंतर राखूनच.

धनाजीचं ते तोंड पाहून दिलीपचं स्वप्न तुटलं. फार लाज वाटली त्याला. त्याने खिशातून रुमाल काढून सोडला. पाटलीबरोबर तूरडाळीचे चार दाणे टणटणत फरशीवर पडले.

"ही घेऊन कुठं गेलतात?" हवालदारांनी विचारलं.

"पिस्तुलाच्या मापाला. हिच्यासाठी. ही... एकटी घाबरते."

सगळ्यांनी वैजयंतीकडे पाहिलं. मनगटापर्यंत खवले लागलेल्या हातात तिने सुरमईचं डोकं धरलं होतं.

"साहेब," धनाजीने हळूच हवालदारांना विचारलं, "पिस्तुलाचं लायसन मला भेटंल का? नळ अजून अर्धाच झालाय."

हवालदार हसू दाबत जिना उतरले. वैजयंतीने हात धुऊन धनाजीला हात जोडले, "चुकले रे दादा," म्हणाली आणि त्याने ताटली रिकामी करेपर्यंत समोरून हलली नाही. दिलीपशी मात्र दिवसभर अबोला.

संध्याकाळी खाडी गुलाबी झाली. तो बाल्कनीत बसला होता. ती आतून त्याची नाशिकची बॅग घेऊन आली.

"घाबरट कोन, मी? लाइट गेल्यावर माझा पदर कोन धरतं?"

तिने कनवटीची एक पितळी शिट्टी काढली. मोरा बंदरात धुकं पडलं की तिचे वडील होडीतून ती फुंकायचे.

"ही उशाला ठेवा. भीती वाटली की फुंका."

"अगं, नाशकात माझी शिट्टी ऐकून कोण येणार?"

"मी येन ना," ती म्हणाली आणि शिट्टी बॅगेत टाकून तिने चेन ओढली.

दिलीपच्या डोळ्यांसमोर नाशिकची खोली आली. दारात चोर, चोराच्या मागे विळी घेतलेली वैजयंती, आणि चोर हात जोडून "चुकलो वहिनी" म्हणतोय. त्याला एकदम निर्धास्त वाटलं. चहावर साय धरायच्या आत त्याने तो पिऊन टाकला.