हेल्मेटं रंगाप्रमाणे, बूट मापाप्रमाणे

"बाई, तुम्ही फक्त सामानावर लक्ष ठेवा," असं पोहण्याचे मास्तर सासूबाईंना म्हणाले आणि शिट्टी वाजवायला तळ्याच्या पलीकडच्या टोकाला निघून गेले. सगळ्या घोटाळ्याचं मूळ या एका वाक्यात होतं. लक्ष ठेवा म्हणजे नुसतं बघत बसा, असा त्याचा अर्थ होतो, हे सासूबाईंना आयुष्यात कुणी शिकवलं नव्हतं. निवृत्त होईपर्यंत त्या ग्रंथपाल होत्या. त्यांच्या वाचनालयात झुरळसुद्धा रांगेने जायचं, असं लोक म्हणत.

दिवसभर चालणारी ही ट्रायथलॉन गावात दरवर्षी होते. तिचा जन्म एका भांडणातून झाला. पोहण्याचे मास्तर, सायकलच्या दुकानाचा मालक आणि पोस्टमन या तीन मित्रांत खरा दमदार कोण, यावरून एकदा जुंपली. शेवटी तिघांनी तिघांचंही काम करून दाखवायचं ठरलं. तळं या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहायचं, तिथून सायकलीने खिंड ओलांडून गावात यायचं आणि मग कालव्याच्या काठाने धावत शाळेचं मैदान गाठायचं. सायकलवाल्याने कमरेला ट्यूब बांधून तळं पार केलं. पोस्टमन धावताना सवयीने दर दारापाशी थबकत होता. तो मैदानाशी पोहोचला तेव्हा सहा वाजून गेले होते आणि शिपाई फाटकाला कुलूप लावून घरी गेला होता. तेव्हापासून नियमच पडला. संध्याकाळी सहाला फाटक बंद. आत आलेल्याला पदक, बाहेर राहिलेल्याला लिंबूपाणी.

सूनबाईने दोन वर्षं लिंबूपाणी प्यायलं होतं. ती दातांची डॉक्टर. दाढ उपटताना तिचा हात कधी थरथरला नाही, पण खिंडीतला चढ दिसला की ती सायकलवरून उतरायची आणि हातात धरून चालायला लागायची. पहिल्या वर्षी फाटक तिच्या डोळ्यांदेखत लागलं. दुसऱ्या वर्षी सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि सराव करायच्या दिवसांत ती त्यांना घरातल्या घरात चालवत राहिली. "आई, अजून एक पाऊल. हं, अजून एक." सासूबाई चालायला लागल्या आणि सुनेचं फाटक पुन्हा चुकलं. हे त्यांच्या मनाला फार लागलं होतं. पुढल्या महिन्यात सुनेचा दुसरा दवाखाना सुरू व्हायचा होता, मग कसला सराव आणि कसलं काय. यंदा नाही तर कधीच नाही. म्हणून तर सासूबाई पहाटे उठून मदतनीस म्हणून तळ्यावर आल्या होत्या.

पलीकडे सगळे पाण्यात उतरले आणि सासूबाईंनी सामानाकडे पाहिलं. त्यांचे डोळेच पांढरे झाले. प्रत्येक सायकलखाली नुसता पसारा! एक बूट इकडे, एक तिकडे. मोजे हेल्मेटात, चष्मा मोज्यात, आणि एकाच्या बुटात तर चक्क सोललेलं केळं. "शिकलेली माणसं ही!" त्या स्वतःशीच म्हणाल्या. हात शिवशिवायला लागले. निवृत्तीनंतर एवढा मोठा पसारा त्यांच्या वाट्याला आलाच नव्हता.

मग काय विचारता! हेल्मेटं रंगाप्रमाणे लागली, बूट मापाप्रमाणे. मोज्यांच्या जोड्या जमवून गोळे झाले, टॉवेलांच्या घड्या झाल्या, सगळी केळी एका टोपलीत गेली. काम संपलं तेव्हा चाळीसेक जणांचं सामान असं दिसत होतं, की कुणी मंत्री बघायला येणार असावा. सासूबाई खुर्चीत टेकल्या. फार दिवसांनी त्यांना कृतार्थ वाटलं.

पाण्यातून पहिला बाहेर आला तो गेल्या वर्षीचा विजेता इंजिनिअर. धावत आपल्या सायकलीपाशी गेला आणि जागच्या जागी गोल फिरला.

"माझं सामान? अहो, माझं सामान कुठंय?"

"ओरडू नका. हेल्मेट कुठल्या रंगाचं?"

"काळं!"

"काळी पहिल्या रांगेत. बरीच आहेत, बघून घ्या. बुटांचं माप?"

"अहो, इथं एकेक सेकंद..."

"माप!"

"नऊ," इंजिनिअर रडकुंडीला येऊन म्हणाला.

तेवढ्यात मागून आणखी दहा-बारा जण निथळत आले. हेल्मेटं ओढली जाऊ लागली, एका बुटाला दोघं झोंबू लागले. आपण लावलेली रांग मोडतेय म्हटल्यावर सासूबाई उठल्या आणि वाचनालयातला जुना आवाज काढला. "शांतता! एकामागे एक उभे राहा. गडबड करणाऱ्याला शेवटी मिळेल." आणि काय आश्चर्य, पोहण्याच्या कपड्यातली ती सगळी मोठमोठी माणसं मुकाट्याने रांगेत उभी राहिली.

त्या रांगेत सातव्या नंबरावर सूनबाई होती. सातव्या! जन्मात एवढं चांगलं पोहली नव्हती ती. तिचा नंबर आला, तिने हात पुढे केला. "आई, लवकर. निळं हेल्मेट."

सासूबाईंनी रांगेकडे पाहिलं. एव्हाना त्यांच्या ध्यानात आलं होतं, की करायला गेलो एक आणि झालं भलतंच. चूक आपली, हाल लोकांचे, आणि त्यात पहिलं वाढायचं आपल्याच माणसाला? "तू जरा बाजूला थांब गं," त्या हळूच म्हणाल्या. "आधी बाहेरची माणसं. घरच्यांनी शेवटी घ्यायचं असतं."

सूनबाई आ वासून बघत राहिली. मग बाजूला झाली. कुडकुडत, दात वाजवत, शेवटचा माणूस जाईपर्यंत उभी राहिली. तिला हेल्मेट मिळालं तेव्हा तळ्याकाठी कुणीही स्पर्धक उरला नव्हता. तिने बुटात पाय कोंबले आणि सायकल दामटत गेली.

मास्तर कपाळाला हात लावून आले. "बाई, अहो, लक्ष ठेवा म्हणालो होतो मी!"

"ठेवलं की. एक मोजासुद्धा हरवला नाही," सासूबाई म्हणाल्या खऱ्या, पण त्यांचे डोळे सून गेली त्या वाटेकडे होते.

दुपारपासून त्या शाळेच्या फाटकाशी उभ्या होत्या. लेकाने आणलेल्या खुर्चीत बसवेना. "मास्तर, आज थोडं उशिरा बंद करा ना. चूक माझी आहे."

"पोस्टमनसाठी नाही थांबलं, बाई, तर कुणासाठी थांबणार?" किल्ली खिशात चाचपत मास्तर म्हणाले. पोस्टमन बाजूलाच लिंबूपाणी ढवळत होता. त्याने मान डोलावली.

इंजिनिअर आला, एका पायात काळा आणि एका पायात पांढरा बूट घालून. बाकीचेही येत गेले. सासूबाई माफीची वाक्यं मनात जुळवत राहिल्या. जिने मला पायावर उभं केलं, तिलाच मी उभं करून ठेवलं. पोरी, मला माफ कर. सहाला थोडाच अवकाश होता. मास्तरांनी कुलूप हातात घेतलं.

आणि कालव्याच्या वळणावर निळा टी-शर्ट दिसला. सूनबाई धावत होती. लाल तोंड, दातओठ खाऊन, अशी धावत होती की मास्तरच आपणहून दोन पावलं मागे सरकले. ती आत शिरली आणि गवतावर कोसळली. मागे फाटक लागलं आणि मास्तरांनी तिच्या गळ्यात पदक घातलं. सासूबाईंचा जीव भांड्यात पडला.

"अगं, एवढ्या उशिरा निघालीस, पोहोचलीस कशी?"

"तुमच्यामुळे!" सूनबाई धापा टाकत म्हणाली. "इतकी चिडले होते, इतकी चिडले होते तुमच्यावर, की घरी गेल्यावर काय काय बोलायचं तेच ठरवत होते. बोलता बोलता बघते तर खिंड मागे पडलेली. आई, मी उतरलेच नाही हो! चढावर एकदाही उतरले नाही!" आणि हसता हसता तिला रडू फुटलं. तिने सासूबाईंचा हात घट्ट धरला. "थँक यू, आई. खरंच थँक यू."

सासूबाईंचेही डोळे भरून आले. देवाने सून दिली ती अशी, असं त्यांना वाटलं. तरी दुपारपासून जुळवलेली वाक्यं वाया कशी घालवायची? "ते असू दे गं. आधी मला माफ कर बघू. मी काय म्हणते..."

"छे, छे, माफ मुळीच करणार नाही," गळ्यातलं पदक सरळ करत सूनबाई म्हणाली. "हा राग जपून ठेवणार आहे मी. पुढच्या वर्षी चढाला लागेल."