कोड्यातला बिबट्या

आरोहीनं कोडं घातलं तेव्हा हिरामण बशीत चहा ओतत होता. तो चहा बशीतच निवला.

"एक माणूस आहे," त्याची तिसरीतली नात आरोही पाठ केल्यासारखं म्हणाली. "त्याच्याजवळ बिबट्या आहे, शेळी आहे आणि पेंढ्याचा भारा आहे. त्याला नदीपलीकडे जायचंय. होडी एवढीशी. तिच्यात माणूस आणि आणखी एकच काहीतरी मावतं. माणूस जवळ नसला की बिबट्या शेळीला खातो आणि शेळी पेंढा खाते. तर सगळ्यांना पलीकडे कसं न्यायचं?"

"साकवावरनं न्यायचं," हिरामण म्हणाला.

"कोड्यात साकव नाय, आबा."

"आन बिबट्या पाळतंय कोन? वनखातं सोडंल त्याला?"

"हरलो म्हणा."

"हरलो? मी?"

मूळ कोड्यात लांडगा होता. पण हर्षला मॅडमनी वर्गात चौकशी केली तेव्हा लांडगा कोणाच्याच पाहण्यात नव्हता, बिबट्याच्या गोष्टी मात्र घरोघरी होत्या. म्हणून मॅडमनी लांडग्याच्या जागी बिबट्या बसवला, कोबीच्या जागी पेंढा ठेवला आणि कोडं घरच्या मोठ्या माणसांना घालायला सांगितलं. समोरचा हरलो म्हणेपर्यंत उत्तर सांगायचं नाही, अशी अट होती.

हिरामणच्या घरात हरलो म्हणणं महाग पडायचं. कोड्यात हरणाऱ्यानं गाव द्यायचं, हा त्याच्या आईच्या वेळचा नियम. गाव अर्थातच तोंडी द्यायचं. लहानपणी हिरामणनं थोरल्या बहिणीकडून माथेरान जिंकलं होतं आणि आजवर राखलं होतं. खोपोलीच्या कारखान्यातली नोकरी संपली, डोक्यावरचे केस गेले, तरी सकाळी अंगणात उभं राहून डोंगराकडे बघत "आपलं माथेरान आज ढगात हाय" म्हणायची त्याची सवय गेली नव्हती. त्याची बायको विमलबाई लग्नाच्या पहिल्याच वर्षी नेरळ आणि चौक ही दोन गावं गमावून या खेळातून कायमची उठली होती.

"उद्या शाळा सुटेपर्यंत टाइम," आरोही म्हणाली. "नायतर माथेरान माझं."

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेल्यावर हिरामणनं ओटीवर मांडामांड केली. आगपेटीची होडी, लाल मिरचीचा बिबट्या, लसणीच्या पाकळीची शेळी, झाडूच्या काडीचा पेंढा. शेळीला आधी पलीकडे नेलं की सगळं सोपं वाटायचं. मग बिबट्या न्यावा तर तो तिकडे शेळीला खायचा, पेंढा न्यावा तर शेळी पेंढा खायची. मिरचीनं लसणीचा इतक्या वेळा जीव घेतला की हिरामणला त्या पाकळीची दया येऊ लागली.

"शेळी द्या इकडं," विमलबाई आतून म्हणाली. "फोडणी करपतेय."

शेळी फोडणीत गेली. हिरामणनं फोन उचलला.

नदीवरच्या साकवापलीकडे मालोजीचं शेत होतं. मालोजी हिरामणचा शाळासोबती. वालाचं पीक उभं असलं की शेतघरातच मुक्कामाला असायचा. त्याचं डोकं अशा गोष्टींत चालायचं. पण तिसरीच्या पोरीचं कोडं हिरामणला सुटत नाही हे मालोजीला कळलं असतं, तर ते कर्जतच्या बाजारापर्यंत पोचलं असतं. म्हणून हिरामणनं कोडं हा शब्द मुद्दाम टाळला आणि फोनवर आवाज भरून पाठवला: "मालोजी, नदीवर बिबट्या हाय. शेळी पन हाय. एकटी सोडली तर तो तिला खानार. मानूस एकटाच हाय. काय करावं, लवकर सांग. टाइम नाय."

मग फोन चार्जिंगला लावून तो आंघोळीला गेला.

मालोजीनं जे केलं ते कोणीही शहाण्या माणसानं केलं असतं. त्यानं दाराला आतून अडसर घातला, शिडीनं माळा गाठला आणि हिरामणचा आवाज जसाच्या तसा गावाच्या ग्रुपवर पाठवून दिला. या धावपळीत त्याचा चष्मा खाली राहिला.

हिरामण पंचा गुंडाळून बाहेर आला तेव्हा रस्त्यावरून गुरं परत येत होती आणि बाया पोरांच्या नावानं हाका मारत होत्या.

"काय झालं गं?"

"नदीवर बिबट्या आलाय!"

हिरामण चपापला. कोड्यातही बिबट्या आणि गावातही बिबट्या, याचं त्याला नवल वाटलं, पण विचार करत बसायची ही वेळ नव्हती. त्यानं गोठ्यातली शेळी ओढत घरात घेतली आणि कडी लावली. थोड्या वेळानं कडी वाजली. दारात सरपंच छायाताई होत्या, सोबत वनरक्षक किरण, आणि मागं जीपमध्ये पिंजरा.

"काका, तुमची शेळी लागंल," छायाताई म्हणाल्या. "पिंजऱ्यात बांधायला."

"माझीच का?"

"बिबट्या तुमीच पायलात ना!"

"मी? कदी?"

छायाताईंनी ग्रुपवर आलेला निरोप वाजवला. पहिल्या दोन शब्दांतच हिरामणनं आवाज ओळखला. तोवर अर्धं गाव अंगणात जमलं होतं.

"केवढा होता, काका?" किरणनं विचारलं.

हिरामणनं जमलेल्या लोकांकडे पाहिलं. मग पार डोंगराकडे पाहिलं. माथेरानवर आज ढग नव्हते.

"मध्यम," तो म्हणाला.

"काय करत होता?"

"नदी ओलांडायच्या बेतात होता."

"एकटाच?"

"शेळी होती ना जवळ. आन पेंढा."

किरणनं मान हलवली. इतकी बारकाईनं माहिती देणारा साक्षीदार त्याला पहिल्यांदाच भेटला होता.

नदीकाठी पिंजरा उतरला. शेळी ओरडायला लागली, तेव्हा तिनं गप्प राहावं म्हणून कोणीतरी पेंढ्याची पेंढी आणून तिच्यापुढं टाकली. विमलबाई पदर खोचून पिंजऱ्याच्या तोंडाशीच उभी राहिली.

"माझ्या शेळीला काय झालं ना," ती नवऱ्याला म्हणाली, "तर तुमच्या त्या माथेरानातच जाऊन ऱ्हावा. घरात यायचं काम नाय."

तेवढ्यात शाळा लवकर सोडून हर्षला मॅडम मुलांना रांगेनं घरी पोचवायला निघाल्या होत्या. वाट तिथूनच जात होती. रांगेतून आरोही ओरडली, "आबा, आपली शेळी का कोंडताय?"

हिरामणनं एकदा शेळीकडे पाहिलं, एकदा विमलबाईकडे.

"थांबा," तो म्हणाला. "तो बिबट्या खरा नाय. कोड्यातला हाय."



"म्हणजे," किरण सावकाश म्हणाला, "तुम्ही वनखात्याला कोड्यासाठी बोलावलंत?"

"मी मालोजीला विचारलं होतं. तुमाला त्यानं बोलावलं."

"आणि मध्यम?"

"पार बारीक बिबट्या शेळी कसा खाईल?"

किरणला रागावायचं होतं. पण आधी छायाताईंनी कोडं काय ते विचारलं, मॅडमनी सांगितलं, आणि तिथंच वनखात्याचा राग अर्धवट राहिला. जो तो बोटांवर शेळी न्यायला-आणायला लागला. छायाताईंनी ग्रुपवर लिहून टाकलं: बिबट्या कोड्यातला आहे, घाबरू नये, खाली कोडं दिलं आहे, सोडवावे. गावभर उत्तरं सुरू झाली. माळ्यावरच्या मालोजीला चष्म्याशिवाय त्यातलं एक अक्षरही वाचता आलं नाही.

"होडी मोठी का नाय घेत तो मानूस?" एकानं विचारलं.

"शेळीच्या तोंडाला मुसकं बांधा," दुसरा म्हणाला.

"हरलो म्हणा," आरोही म्हणाली. "सगळ्यांनी. आन गाव द्या."

"मी पहिल्या नेमणुकीचं गाव देतो," किरण म्हणाला. "तिथं फोनला रेंजही नव्हती."

"मला देता यायचं नाय," छायाताई म्हणाल्या. "ग्रामसभेत ठराव करावा लागंल."

मग सगळे हिरामणकडे बघू लागले. त्यानं घसा खाकरला. डोंगराकडे बघायचं मात्र टाळलं.

"हरलो," तो म्हणाला. "माथेरान दिलं."

"तिथलं जंगल आमच्या खात्याचं आहे, काका," किरण म्हणाला. "परस्पर देऊ नका."

आरोहीनं साकवालाच होडी केलं. शेळीला दाव्यानं ओढत ती पलीकडे गेली आणि तिला तिथं मोकळी सोडून परत आली. मग किरणला बिबट्या करून पलीकडे नेलं.

"आता बघा," ती तिकडून ओरडली. "बिबट्या इथं ठेवायचा, आन शेळी..."

"परत आणायची!" हिरामणनं कपाळावर हात मारला. "तिला परत आणायची आन पेंढा न्यायचा! शेवटाला पुन्हा शेळी!"

"पोचवलेली शेळी परत कशाला आणंल कोन?" कोणीतरी कुरकुरलं.

"तेच तर कोडं आहे," मॅडम म्हणाल्या.

मग एकच गलका झाला. मला येतच होतं असं सांगणारे बरेच निघाले. किरण टाळी देत साकवावरून अलीकडे आला, त्याच्यामागून आरोहीही माथेरानची नवी मालकीण म्हणून उड्या मारत आली. रिकामा पिंजरा जीपमध्ये चढला, मुलं घरी गेली, आणि हिरामण हरूनही हलक्या मनानं घराकडे वळला.

संध्याकाळी ग्रुपवर मालोजीचा आवाज आला. "अरे कोनी तरी या रं! शेळी वाल खातेय. मी माळ्यावर हाय. खाली उतरलो तर बिबट्या मला खानार. काय करावं, लवकर सांगा!"

गाव आता तयारीचं होतं. उत्तरं भराभर आली. कोणी लिहिलं, आधी शेळीला माळ्यावर घ्या. कोणी लिहिलं, आधी वाल अलीकडे आणा. हर्षला मॅडमनी लिहिलं, "सुंदर कोडं! उत्तर लगेच फोडू नका."

हिरामण ओटीवर सरसावून बसला. "हे मी सोडवतो," तो आरोहीला म्हणाला. "आन माथेरान परत घेतो." त्यानं आगपेटीचा माळा उभा केला, खाली मिरची ठेवली, वालाचे दाणे पसरले आणि त्यांत लसणीची नवी पाकळी सोडली.

दूध काढायला भांडं घेऊन विमलबाई गोठ्यात गेली आणि तशीच परत आली.

"अवो, शेळी कुठाय?"

"ही काय," मान वर न करता लसणीवर बोट ठेवत हिरामण म्हणाला, "मालोजीच्या वालात."