अर्ध्या मिलिमीटरचे पेढे

माणसाला जी गोष्ट मोजता येते ती वाढलेली आवडते. पगार, मुलांची उंची, बारावीचे टक्के, द्राक्षाच्या मण्याचा आकार, लग्नातली पंगत, यांपैकी कशाचेही माप घटले म्हणून नाशकात कोणी पेढे वाटल्याची नोंद नाही. (वजनाचा अपवाद अलीकडे सांगतात, पण तिथे पेढेच वर्ज्य असतात.) पंचवटीत औरंगाबाद नाक्याजवळच्या बुबुळविकार व नेत्रवृद्धी संशोधन केंद्राला मानवी स्वभावातल्या या साध्या गोष्टीचा विसर पडला आणि पुढचा सगळा प्रकार त्यातून घडला.

केंद्रात खोल्या दोन आणि दोन्हींत मिळून मापक एक, दत्तू गायखे. डावी खोली बुबुळविकारांची. विंचूर-निफाडकडची, डोळ्यात कांद्याची पात किंवा द्राक्षाची काडी गेलेली माणसे तिथे येत. जखम चिघळली की बुबुळावर पांढरे फूल पडे. डॉ. कोठुळे यंत्रातून पाहून जखमेचा आकडा मिलिमीटरमध्ये पुकारत आणि दत्तू तो वहीत लिही. आकडा वाढला की पेशंट मान खाली घालून बाहेर पडे. उजवी खोली नेत्रवृद्धीची. शाळकरी पोरांचा डोळा पुढून मागे किती लांब आहे, हे तिथे दत्तू स्वतः मोजी. वयाच्या मानाने डोळा जास्त लांबला की लांबचे दिसेनासे होते आणि चष्मा लागतो. तो कशाने लांबतो, हे शोधायचे होते. दोन्ही खोल्यांत मिलिमीटर तोच आणि तो भराभर वाढणे वाईट, हे केंद्रातल्या सर्वांना ठाऊक होते. बाहेर कोणाला सांगणे मात्र कोणाच्याच कामाच्या यादीत नव्हते.

२००३ च्या जूनमध्ये प्रयोग सुरू झाला. एका शाळेतली एकशेवीस मुले घेतली आणि चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन गट पाडले. वाचन गटाने शाळा सुटल्यावर दोन तास वर्गात पुस्तक घेऊन बसायचे, मैदान गटाने तेवढाच वेळ उन्हात हुंदडायचे. (मूळ प्रस्तावात याला 'अनियंत्रित बाह्य हालचाल' म्हटले होते.) फळ्यावर याद्या लागल्या आणि पालकांनी त्या निकाल पाहावा तशा पाहिल्या. तीन आठवड्यांत मैदान गटाच्या साठांपैकी त्रेपन्न पालकांनी गट बदलून मागितला. अर्जांत दिलेली कारणे अशी: मुलगा मुळात हुशार आहे, एकवीस; उन्हाने रंग काळवंडेल, चौदा; शेजारचा वाचन गटात आहे, नऊ; स्कॉलरशिपची परीक्षा जवळ आली आहे, सहा. उरलेल्या तीन अर्जांत कारण नव्हते, नगरसेवकाचे पत्र होते.

चिठ्ठी हा शास्त्राचा पाया असून ती बदलता येत नाही, असे डॉ. कोठुळे यांनी पहिल्या पन्नास पालकांना ठणकावून सांगितले. मग ती तीन पत्रे उघडली आणि सर्व त्रेपन्न अर्ज विशेष बाब म्हणून मंजूर केले. मैदानावर सात मुले उरली. चौघांच्या घरी सूचनाच पोचली नव्हती, दोघे शाळेच्या शिपायाची जुळी होती आणि सातवी दत्तूची मोहिनी.

मोहिनी दहा वर्षांची होती आणि मैदान गट मिळाल्यावर तिने घरभर उड्या मारल्या होत्या. तिची नजर मोठी तेज. शाळेनंतर ती केंद्रात येई आणि डाव्या खोलीतल्या म्हाताऱ्या माणसांना कोपऱ्यावरच्या थांब्यावरून एसटीत बसवून देई. हे काम तिला कोणी सांगितले नव्हते. गाडी पार लांब असतानाच ती पाटी वाचायची, "येवला, विंचूरवाले पुढे व्हा." दत्तू हे खिडकीतून बघत असे आणि आपल्या पोरीचा त्याला फार अभिमान वाटे.

दिवाळीत केंद्राने घरोघरी डोळ्यांच्या मापाची कार्डे पाठवली. ती शाळेची प्रगतिपुस्तके छापणाऱ्या छापखान्यातूनच छापून घेतली होती, त्यामुळे रंग तोच, चौकटी त्याच आणि खाली पालकांच्या सहीची जागा. भाऊबीजेला दत्तूची बायको सुवर्णा बहिणीच्या, छायाताईच्या, घरी जाऊन आली ती तोंड पाडून.

"छायाताईचा राज चोवीसला टेकला," ती म्हणाली. "आपली अजून तेवीस पूर्णांक एकवर. आणि वाढीच्या रकान्यात चक्क शून्य. तुम्ही तिथे मोजायला बसता आणि घरच्या पोरीचं हे असं."

"अगं, ते वाढू नये म्हणूनच तर मोजतोय."

"वाढू नये म्हणून कुणी मोजतं का?"

दत्तूने विचार केला. डाव्या खोलीत सगळेच तसे मोजून घेत, पण उजव्या खोलीतले एकही उदाहरण त्याला आठवेना. त्याने राजला चष्मा लागल्याचे सांगितले, तर सुवर्णा म्हणाली की त्यात तो कसा प्राध्यापकासारखा दिसतो. चौथ्या दिवशी मोहिनी वाचन गटात गेली. अर्जावर सही दत्तूनेच केली आणि ती करताना त्याला स्वतःची लाज वाटली, पण घरात शांतता झाली.

त्या वर्षात नेत्रवृद्धीने पंचवटीत चांगला जोर धरला. एका क्लासने पाटीवर 'डोळ्यांची वाढ हमखास' असे लिहिले. लग्नाळू मुलाच्या टिपणात उंचीखाली डोळ्याची लांबी दिसू लागली. मैदानातली ती जुळी तेवढी अजून तेवीसवरच होती आणि त्यांच्याबद्दल शेजारी हळहळत. बुबुळविकारांच्या खोलीचे मात्र कोणी नाव काढीना, कारण तिथून कार्ड मिळत नसे.

पुढच्या जुलैत दत्तूने मोहिनीच्या डोळ्यात बधिर करणारा थेंब टाकला, यंत्राचे टोक हलकेच टेकवले आणि आकडा पाहिला. तेवीस पूर्णांक सहा. त्याने पुन्हा मोजले, तर तेवढेच. संध्याकाळी आकडा घरी सांगावाच लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी सुवर्णाने पेढ्यांचा पुडा त्याच्या हातात दिला आणि केंद्रात सगळ्यांना द्या म्हणून बजावले.

त्या दिवशी डाव्या खोलीत विंचूरच्या नवसाबाई आल्या होत्या. निंदताना कांद्याची पात डोळ्यात गेल्यापासून त्यांच्या पाच महिने फेऱ्या चालल्या होत्या.

"किती झालं, भाऊ?"

"दोन. मागल्या वेळी तीन होतं."

"घटलं. लय झालं." त्यांनी पेढा घेतला. "ह्यो कशाचा?"

"पोरीचा डोळा वाढला. अर्धा मिलिमीटर."

नवसाबाईंचा पेढा तोंडाजवळच थांबला. "वाढला? मंग औषध काय चालू हाय तिला?"

"औषध नाही. पुस्तकं."

"मंग बंद करा की."

एवढे सरळ बोलणे दत्तूने त्या इमारतीत प्रथमच ऐकले.

संध्याकाळी मोहिनी नेहमीप्रमाणे नवसाबाईंना घेऊन थांब्यावर गेली. तासाभराने दोघी परत आल्या. येवल्याची गाडी त्यांच्या समोरून गेली होती. कोणी हात केला नाही म्हणून ती थांबली नव्हती.

"मी तर अडाणी," नवसाबाई पायरीवर बसत म्हणाल्या. "ही नऊ महिने पुस्तकं वाचती म्हनता, आन् हिला पाटी वाचता येत नाय. हिला बी फूल पडलं का काय?"

"बाबा, आजकाल सगळ्या पाट्या पुसटच लिहितात," मोहिनी म्हणाली. दत्तूला रडू आले, पण कचेरीची वेळ होती म्हणून त्याने नाक शिंकरले आणि नवसाबाईंना पुढच्या गाडीत स्वतः बसवून दिले.

मग तो तडक छापखान्यात गेला. आठ दिवसांनी शाळेच्या फळ्यावर सूचना लागली: 'प्रगत मैदान तुकडी. जागा फक्त बारा. प्रवेश मुलाखतीनंतर.' नव्या कार्डावर वाढीचा रकाना नव्हता, 'स्थैर्य' होते. डोळा होता तेवढाच राहिला की शंभरपैकी शंभर. (डॉ. कोठुळे यांनी हे न वाचताच मंजूर केले. सोबत नगरसेवकाचे पत्र नव्हते, त्यामुळे त्यांना त्यात काही वावगे वाटले नाही.) पहिल्या दिवशी नव्वद अर्ज आले. सुवर्णा घरी वाट पाहत उभीच होती.

"मोहिनीला मिळेल ना हो जागा? तुम्ही तिथे आहात म्हणून विचारते. छायाताईनं फॉर्म भरलासुद्धा."

"प्रयत्न करतो," दत्तू म्हणाला.

आता पंचवटीत मुले रोज दोन तास उन्हात खेळतात आणि कडेला पालक वही घेऊन कोण किती वेळ पळाला ते लिहितात. सहा महिन्यांत मोहिनीचा डोळा तसूभर हलला नाही. वाढलेला अर्धा मिलिमीटर मात्र परत गेला नाही. शास्त्रात तशी सोय नाही. ती चष्मा लावून एसटीच्या पाट्या वाचते, आणि तो घरी विसरली की गाडी जवळ येईपर्यंत नवसाबाईंचा हात धरून थांबते.

वाचकहो, आपण हसलात ते बरे केलेत. पण वर तेवीस पूर्णांक एक आणि चोवीस हे आकडे आले तेव्हा आपल्या घरच्या पोराचा डोळा किती भरेल, असे मनात येऊन गेलेच असेल. संकोच नको, सगळ्यांचे तसेच होते. इतका वेळ शेजारच्या खोलीतून पोराचा आवाज आलेला नाही, म्हणजे तो पुस्तकात तोंड खुपसून बसला असणार आणि आपल्याला बरे वाटत असणार. कार्ड केंद्रावर मिळेल. आपल्या सहीची जागा खाली छापलेलीच आहे.