गुंड्याची साठीशांत

"नऊ वर्षं म्हणजे माणसाची साठी," गुंड्याच्या पांढऱ्या मिशा कुरवाळत जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "आता मऊ भात, थोडंसं फिरणं, उड्या बंद."

हे रत्नाकररावांना उगीचच लागलं. येत्या पौर्णिमेला त्यांनाही साठ वर्षं पूर्ण होत होती. सुनंदाबाईंनी साठीशांतीचा विषय काढताच त्यांनी घर डोक्यावर घेतलं होतं. "मला पाटावर बसवून म्हातारा ठरवायचं नाही!" आणि त्याच संध्याकाळी मल्लेश्वरमच्या बाजारातून कलपाची बाटली आणली होती.

गुंड्याचं मात्र सगळं यथासांग झालं होतं. गटारीकाठी सापडलेलं ते पिल्लू सुनंदाबाईंनी कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून जगवलं, पाळण्यात घातलं.

नीज नीज गुंड्या, दारी जाई जागी राही
चोर आला तर तुला हळूच हाक देई

दात आले तेव्हा त्यानं रत्नाकररावांची चप्पल खाल्ली. ऐन जवानीत मागच्या गल्लीतल्या कुत्रीपायी अन्न सोडलं. आणि आता रत्नाकरराव त्याला रोज उचलून ओट्यावर चढवत. वर पोचल्यावर दोघंही धापा टाकत.

"मग याचीच साठीशांत करू," दवाखान्यातून परतताना रिक्षात सुनंदाबाई म्हणाल्या.

"कर की! निदान तो तरी नाही म्हणणार नाही."

रत्नाकरराव पोट धरून हसले. पौर्णिमेच्या सकाळी मात्र अंगणात केळीचे खांब पाहून त्यांचं हसू पळालं. शेजारच्या यल्लव्वाक्का रांगोळी घालत होत्या. पाटावर आंघोळ केलेला, कुंकू लावलेला गुंड्या बसला होता आणि जे. पी. नगरहून आलेले पद्मनाभ गुरुजी त्याच्यावर अक्षता टाकत होते!

"अगं, चेष्टा केली होती मी!"

"सरी, सरी, असेल चेष्टा," सुनंदाबाई म्हणाल्या. "पण गुरुजी चेष्टेनं आलेले नाहीत."

"गुरुजी, अहो कुत्रं आहे ते!"

"दिसतंय मला," गुरुजी शांतपणे म्हणाले.

तेवढ्यात यल्लव्वाक्कांच्या हातात पेढा दिसला. गुंड्यानं अंग झाडलं आणि यजमानपद सोडून तो त्यांच्यामागे चालता झाला.

"शिव शिव! मांडलेला पाट रिकामा?" गुरुजींनी डोळे मोठे केले. "घरात दुसरं कुणी साठीचं आहे का?"

सगळे रत्नाकररावांकडे बघू लागले.

"आहे," ते पुटपुटले. "पण तात्पुरता बसतो हं. गुंड्या येईपर्यंत."

सुनंदाबाई शेजारी बसल्या. पहाटेपासून त्या पैठणी नेसून का वावरत होत्या, हे विचारायचं राहूनच गेलं होतं. गुरुजींनी संकल्प सुरू केला. काश्यप गोत्र, उत्तरा नक्षत्र, रत्नाकर... कुठे अडखळणं नाही, काही विचारणं नाही.

रत्नाकरराव दचकले. "गुरुजी, माझं नक्षत्र तुम्हाला कुणी सांगितलं?"

उत्तरादाखल कलशाचं गार पाणी डोक्यावर आलं. सकाळीच लावलेला कलप ओघळून हनुवटीवर उतरला आणि खालून पांढऱ्याशुभ्र मिशा वर आल्या.

"शाणा गं बाई माझा गुंडप्पा! शिकवल्यासारखा उठला बघ," कोपऱ्यातून यल्लव्वाक्का पेढा भरवत म्हणाल्या.

रत्नाकरराव संतापून उठायला गेले. गुडघे उठेनात. पुन्हा जोर केला, तरी उठेनात. पेढा संपवून आलेला गुंड्या त्यांच्या मिशा नीट हुंगून, ओळख पटल्यासारखा मांडीला टेकून बसला.

"बसा निवांत," सुनंदाबाई पदरानं त्यांची हनुवटी पुसत म्हणाल्या. "झालं की उचलून ओट्यावर नेते तुम्हाला. आधी याला, मग तुम्हाला."