योगिनीच्या चार संगणकांची खंडेनवमी

"यंत्राला जो देव मानतो, त्याचं काम जगात कधी अडत नाही," असं शेखररावांनी खंडेनवमीच्या सकाळी जाहीर केलं. त्या वेळी त्यांच्या हातात सुनेच्या चार संगणकांच्या उपटलेल्या वायरी होत्या आणि चारही संगणकांचं काम अडलेलं होतं.

शेखररावांची उभी नोकरी सातपूरच्या कारखान्यात फिटर म्हणून गेली. खंडेनवमीला तिथे मशिनं बंद करायची, तेलकट अंग पुसायचं, हळदकुंकू, हार, पेढे. चालू मशिनची पूजा म्हणजे धावत्या माणसाला ओवाळण्यासारखं, असं त्यांचं मत होतं. निवृत्तीनंतर पूजेला घरात विळी, पाने-पक्कड आणि स्कूटर एवढंच उरलं होतं. यंदा सुनेच्या खोलीत चार संगणक घुं घुं करत ओळीने बसलेले दिसले आणि त्यांना भरून आलं. योगिनी आंघोळीला गेली तेवढ्यात त्यांनी सगळं उरकलं.

योगिनी डोक्याला टॉवेल गुंडाळून बाहेर आली आणि दारातच थबकली. चारही यंत्रांना झेंडूचे हार होते.

"बाबा, हे बंद कुणी केले?"

"मी. आतून पुसले पण. पंख्यात केवढी धूळ गं! कारखान्यात असतीस तर मेमो मिळाला असता."

"रात्रभर बिल्ड, म्हणजे प्रोग्राम घडवायचं काम, चाललं होतं, बाबा."

"मग दमले असतील बिचारे."

योगिनी पलंगावर बसली. ती ओरडली असती तर शेखररावांना बरं वाटलं असतं. तिने नुसतं घड्याळाकडे पाहिलं, म्हणून ते घाबरले.

प्रकरण साधं नव्हतं. जुन्या फॉन्टमधलं मराठी नव्या संगणकावर उघडलं की चौकोन नि प्रश्नचिन्हं दिसतात. त्याचं पुन्हा मराठी करून देणारा प्रोग्राम योगिनीने सुट्ट्या घालवून लिहिला होता. जगभरचे लोक ज्या भांडारातून प्रोग्राम उतरवून घेतात, तिथे तो जायचा होता. एकदा जाऊन परतही आला होता. आज संध्याकाळपर्यंत चारही यंत्रणांवर तो घडवून पाठवला नाही, तर दार बंद. पुन्हा उघडणार ते तीन महिन्यांनी.

"पण प्रोग्राम एक आणि संगणक चार कशाला?" शेखररावांनी हळूच विचारलं.

"चौघांना चालवणाऱ्या यंत्रणा वेगळ्या. लिनक्सच्याच दोन जाती, एक फ्रीबीएसडी, एक नेटबीएसडी. घराणं एकच, पण प्रत्येकीचं स्वयंपाकघर निराळं. एकीचं तिखटमीठ फडताळात, दुसरीचं पलंगाखाली. म्हणून प्रत्येकीसाठी कृती वेगळी लिहावी लागते."

"आणि सामान?"

"तीच तर कटकट. याला एक लायब्ररी लागते, म्हणजे दुसऱ्याने करून ठेवलेला आयता मसाला. तिला दुसरी लागते, दुसरीला तिसरी. आणि तिसरीला चौथीची जुनी आवृत्तीच चालते, नवी दिसली की रुसते."

"म्हणजे आपल्याकडचं लग्न!" शेखररावांचा चेहरा उजळला. "वत्सलाबाई हव्या तर आधी लंकाबाईला आमंत्रण. लंकाबाई आली की धोंडाबाई येत नाही."

"अगदी तसंच. फक्त माझ्या मांडवात अशा चाळीसेक आत्या आहेत."

शेखररावांनी सुनेकडे नव्याने पाहिलं. मुलाच्या, सार्थकच्या, लग्नात त्यांनी तीनच आत्या सांभाळल्या होत्या आणि तेव्हापासून त्यांना रक्तदाबाची गोळी चालू होती.

हार उतरले, वायरी जोडल्या. तीन संगणक मुकाट्याने उठले. चौथा, नेटबीएसडीवाला, वयाने सगळ्यात मोठा, तो काही धड उठेना. योगिनीने त्याला पेनड्राइव्ह लावून दुरुस्तीला घेतलं. पडद्यावर इंग्रजीत प्रश्न आला: डिस्कवरचं सगळं पुसून यंत्रणा नव्याने बसवू का?

योगिनी "नको" म्हणायला बोट उचलते तोच उत्तर गेलं: हो.

खात्री आहे? हो.

"अगं, विचार तरी कर!" शेखरराव म्हणाले.

"मी हातच लावला नाही!"

तिने कीबोर्ड उलटा करून झटकला. 'वाय'च्या, म्हणजे इंग्रजी 'हो'च्या, कळीखालून कुंकवाने माखलेला एक तांदळाचा दाणा टपकन खाली पडला. तिथे अडकून, कळ दाबून धरून तो यंत्राला हवं ते कबूल करत सुटला होता.

"घोटीचा तांदूळ आहे," सासूबाई, साधनाबाई, दारातून म्हणाल्या. "अक्षतांना मी निवडून घेते. तुकडा सापडायचा नाही."

"आई, तुकडा असता तर वाचलो असतो."

नशिबाने कृती दुसऱ्या संगणकावर जपलेल्या होत्या. योगिनीने यंत्रणा कोरी बसवली आणि पुन्हा सुरुवातीपासून घडवायला घेतलं. पडद्यावरून ओळी सरसर वर जात होत्या. बाकी जगाला त्या मुंग्या दिसल्या असत्या. योगिनी मात्र मधेच "हां, ही बरोबर नाही" म्हणून थांबायची, एक शब्द बदलायची, पुढे जायची. लेथचा आवाज ऐकून बेअरिंग गेल्याचं सांगणारा एक माणूस शेखररावांनी कारखान्यात पाहिला होता. दुसरा आज घरात पाहिला. तो चहा प्यायचंही विसरला होता.

दुपार कलली. तिघांवर प्रोग्राम घडला. चौथ्यावर अडला: अमुक लायब्ररी सापडत नाही.

योगिनी पडद्याकडे बघत राहिली. मग हसायलाच लागली. शेखररावांनी साधनाबाईंना पाणी आणायची खूण केली.

"बाबा, ही लायब्ररी मी या संगणकावर फार पूर्वी हाताने टाकली होती आणि कृतीत लिहायला विसरले होते. इथे ती होती म्हणून सगळं सुरळीत चालायचं. भांडारवाले कोऱ्या यंत्रावर तपासतात, तिथे ती नाही. मागच्या वेळी परत का आलं, ते आत्ता कळलं!"

"म्हणजे आजही परत आलं असतं?"

"शंभर टक्के."

तिने कृतीत एक ओळ घातली. चौथा घडला. पाठवायला घेतलं, पडद्यावर हिरवी रेघ मुंगीच्या पावलाने सरकू लागली.

शेखरराव ताठ झाले. "तरी मी सकाळीच म्हणालो होतो. यंत्राला देव मानलं की ते आपली चूक आपल्या पदरात घालतं. हे त्या भांडारवाल्यांनाही कळव. कृतीत लिही: आधी पुसणे, मग पूजा. मला नाव नको, पण सातपूरचा उल्लेख असावा." बोलता बोलता त्यांनी कुंकवाचा करंडा उचलला आणि भरल्या डोळ्यांनी चौथ्या संगणकाकडे निघाले. "या म्हाताऱ्याच्या तर पायाच पडलं पाहिजे."

योगिनी खुर्चीतून उठली, रेघेकडे एकदा पाहिलं आणि त्यांच्यासमोर हात जोडून उभी राहिली.

"बाबा, एवढी रेघ पूर्ण होईपर्यंत नमस्कार तेवढा लांबूनच करा ना."