इंदूमावशी आणि लांडे फ्रॉक

आमच्या शेजारच्या इंदूमावशी टीव्ही बघायला येताना देवघरातली घंटी घेऊन येतात. एक टोल म्हणजे थांबवा. दोन टोल म्हणजे चालू द्या. सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून केलेली बाई. जगात जे काही पुढं सरकतं ते डबल बेलवरच सरकावं, असं त्यांचं मत.

आणि बघतात काय, तर ॲनिमे. जपानी कार्टून. सोमाटण्याच्या आमच्या सोसायटीत त्यांच्या वयाच्या बायका मालिका बघतात, नाहीतर सुनांबद्दल बोलतात. मावशींना हा नाद लागला तो माझ्या मुलीमुळं, इरामुळं. इरा कॉलेजात आहे आणि ॲनिमेवर जगते. एकदा मावशी आंदर मावळातल्या माहेरचा तांदूळ द्यायला आल्या, तर टीव्हीवर एक मुलगी तलवारीनं इमारतीएवढा राक्षस कापत होती.

"ही कोन गं?"

"सेनापती आहे, मावशी."

"पोरगी?"

"हो."

मावशी तांदळाची पिशवी मांडीवर घेऊन तशाच बसल्या. राक्षस पडला तेव्हा त्यांनी पिशवीवर थाप मारली. "लय भारी!"

मग सेनापतीची तलवार खाली पडली. ती उचलायला ती वाकली आणि कॅमेरा तिच्या मागं जाऊन उभा राहिला. बराच वेळ उभा राहिला. मुलीबरोबर असलं काही बघायची वेळ आली की बाप जे करतो तेच मी केलं. पेपरात डोकं घातलं.

"भाऊ, पेपर उलटा हाय," मावशी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी घंटी आली.

त्यानंतर रोज संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये कोर्ट भरू लागलं. एकदा नायक अडखळला आणि थेट एका मुलीच्या अंगावर पडला. हात जिथं पडू नयेत नेमके तिथं पडले. टण्ण!

"ह्यो कसा पडला?"

"चुकून, मावशी. कॉमेडी आहे ती."

"चुकून? अगं, घाटातल्या वळनावर भरल्या गाडीत उभी व्हते मी. चुकून पडनारा मानूस आधी दांडी धरतो. ह्यानं दांडी सोडून हिला कशी धरली? उतरवा ह्याला!"

त्याला उतरवायची सोय रिमोटमध्ये नव्हती. इरानं वकिली सुरू केली. यात मुली जग वाचवतात, विमानं चालवतात, राज्यं करतात. आपल्या मालिकांतल्या बायका काय करतात, तर दारामागून ऐकतात.

"ते खरं," मावशींनी मान्य केलं. "पन मला वाटतं, ही चित्रं काढनारे दोघं असत्याल. एकानं पोरीला तलवार दिली, आन् त्यो जेवायला गेल्यावर दुसऱ्यानं येऊन तिचा फ्रॉक कापला. जग वाचवायला निघालीस तर प्यांट घाल की, बाई. काटं लागत न्हाईत का?"

इरा हसली, पण तिला ते लागलं. आपल्या आवडत्या गोष्टीतली खोट शेजारच्या मावशीनं दाखवावी, हे कुणाला आवडतं?

भडका उडाला तो क्लबहाऊसमध्ये. बी विंगमधल्या ओंकारनं, हा हिंजवडीला आयटीत आहे, शनिवारी मोठ्या पडद्यावर एक ॲनिमे सिनेमा ठेवला. सोसायटीतली तरुण मंडळी जमली. मावशी घरची खुर्ची आणि घंटी घेऊन पहिल्या रांगेत. दर टोलाला थांबत, पावसाळ्यातल्या रविवारी भुशी धरणाच्या गर्दीत गाडी सरकते, तेवढाच तो सिनेमा सरकला. शेवटी ओंकार उठला.

"मावशी, असल्या सीनना फॅन सर्व्हिस म्हणतात."

"कुनाची सर्व्हिस?"

"म्हणजे... बघणाऱ्यांची."

"मंग राबती ती पोरगी का? तिला पगार हाय का?"

पोरं हसली. ओंकार लाल झाला. "आवडत नसेल तर बघू नका ना तुम्ही!"

"आवडतं म्हनून तर बोलती," मावशी म्हणाल्या. "न आवडत्या गाडीत मी चढलेच नसते."

सिनेमा बंद पडला. लोक पांगले. जिन्यात इरानं मावशींना गाठलं. "सगळ्यांसमोर कशाला, मावशी? आता मला कोणी बोलावणार नाही." मावशी खुर्ची उचलून घरात गेल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडं यायच्या बंद झाल्या.

इरा एकटी बघू लागली. पण चार-पाच दिवसांत माझ्या लक्षात आलं, मध्येच ती स्वतःच रिमोट दाबते, पडद्याकडं बघत बसते आणि पुटपुटते, "दांडी सोडून हिला कशी धरली?" मग एके दिवशी उठली आणि मावशींना हाताला धरून घेऊन आली.

त्या दिवशी तिनं तलवारीवालं काही लावलं नाही. लावली एक साधी मालिका. शहरात एकटी राहणारी नोकरदार मुलगी. घरी येते, भाजी चिरते, जेवते, झोपते. मावशी चुळबुळत होत्या. एवढ्यात ती मुलगी कुलूप काढून आत आली, बूट काढले आणि रिकाम्या खोलीत काहीतरी बोलली.

"कुनाशी बोलली? घरात तर कोन न्हाई."

"जपानमध्ये तशी पद्धत आहे. बाहेरून आलं की 'आले मी' म्हणायचं. आतला माणूस म्हणतो, 'आलीस? ये.'"

"आमच्यात नुसतं 'आलीस?' व्हतं," मावशी म्हणाल्या. "फुडं 'चुलीवर पानी ठिव.'" आम्ही हसलो. त्या हसल्या नाहीत. "आता तर पानी ठिव म्हनायला बी कोन न्हाई. पोरगा तिकडं नाशकाला." मग एकदम, "भाग संपला का? फुडचा लाव."

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी मी दार उघडं टाकून पेपर वाचत होतो. मावशी बाजारातून आल्या. समोरचं कुलूप निघाल्याचा आवाज आला, चपला काढल्याचा आला, आणि मग अगदी हळू, चोरून काहीतरी केल्यासारखं, "आले गं मी."

मी पेपरातून डोकं काढायच्या आत आमच्या स्वयंपाकघरातून इरा ओरडली. एरवी मावशींना 'तुम्ही' म्हणणारी माझी मुलगी.

"आलीस? ये, ये!"

पलीकडून मावशींचा आवाज, चांगलाच घुश्श्यातला. "तुला कोन इच्यारलं गं?"

आणि दार धाडकन बंद.

दुसऱ्या दिवशी भाजी घेऊन आल्या तेव्हा "आले गं मी!" एवढ्या मोठ्यानं झालं, की खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकला. मग दार लावायचं सोडून मावशी उंबऱ्यातच उभ्या राहिल्या, आमच्या घराकडं कान देऊन.