झुल्यासकट पंचवीस रुपये

आमच्या शेजारचे नत्थूजी वर्षातले अकरा महिने माणूस असत आणि बाराव्या महिन्यात हॉटेल होत.

हॉटेल एका खोलीचं होतं. तेव्हा, म्हणजे सत्तरच्या आगेमागे, आमच्या नंदनवन वस्तीत आजच्यासारखी घरांची गर्दी नव्हती. आमच्या दोन घरांसमोर मोकळं मैदान होतं आणि थंडी पडली की तिथं आनंदमेळा लागायचा. आकाशपाळणा, मौत का कुआँ, हसवणारे आरसे, सगळा जामानिमा. मेळ्याचा पहिला खांब रोवला गेला की नत्थूजी आपली माडीवरची खोली झाडून घेत. त्यांच्या घरी हातमाग होता तेव्हा या खोलीत सुताच्या लडी असायच्या. माग बंद पडला, नत्थूजी इतवारीतल्या एका दुकानात कापड मोजून द्यायच्या नोकरीला लागले, आणि खोली रिकामी झाली. तिथल्या पलंगावर ते स्वतः विणलेली चादर टाकत आणि खाली दाराशी शाळेची पाटी टांगत. पाटीवर खडूनं लिहिलेलं असे: 'झुला लॉज. राहण्याची उत्तम सोय. झुल्यासकट पाच रुपये.'

झुला म्हणजे तो आकाशपाळणा. तो काही नत्थूजींचा नव्हता. त्यांच्या खिडकीतून दिसायचा, एवढंच.

"अन् झुल्याशिवाय किती?" मी पहिल्याच वर्षी विचारलं.

"झुल्याशिवाय द्याचीच नाई," ते म्हणाले. "खिडकीकडं पाठ करून झोपाचं असंन तं मानसानं आपल्या घरी झोपावं ना गा."

मी हिंगण्याच्या एका कारखान्यात माल तपासायला होतो. दिवसभर नटबोल्ट हातात घ्यायचे आणि नापास करायचे. कंपनीच्या बसमधून उतरलो तरी ही खोड माझ्याबरोबर उतरायची. माझी बायको कुसुम म्हणायची, की तुम्ही देवळात गेले तरी घंटा वाजवून तपासून पाहता. त्यामुळे नत्थूजींचं लॉज मी पहिल्याच दिवशी नापास करून टाकलं होतं. जिना अरुंद, न्हाणी खाली, उशी विटेइतकी कडक. आणि भाव तर दरवर्षी वाढणारा! पाचाचे सात झाले, साताचे अकरा, अकराचे अठरा.

वाढीचं कारण विचारावं, तर ते बोट खिडकीबाहेर दाखवायचे.

"आवंदा झुल्याले चार पाळणे वाढले. मोजून पाह्य."

"पाळणे मेळेवाल्याचे वाढले, काकाजी. तुमची उशी तं तेच हाये."

"उशी कोन पाह्यते बाप्पा? डोळे मिटले का उशी दिसतच नाई."

एका वर्षी मौतच्या कुव्यात दुसरी मोटरसायकल आली, तर यांनी त्याचेही दोन रुपये चढवले. ती मोटरसायकल त्यांच्या खिडकीतून दिसतसुद्धा नव्हती. विचारलं तर म्हणाले, "आवाज येते ना."

इतकं असून गिऱ्हाईक यायचं. कन्हानचे दौलतराव खाणीत कामाला होते. ते, त्यांची बायको शेवंताबाई आणि तीन पोरं दरवर्षी मेळा पाहायला येत, आणि मेळा रंगात येईपर्यंत कन्हानची शेवटची बस निघून गेलेली असे. मग पाटीसमोर ठरलेलं भांडण होई.

"अठरा? लूट हाये नत्थूजी! इतक्यात बर्डीवर हॉटेलात पंख्याची खोली भेटते!"

"मंग जा बर्डीवर. सोबत झुला घेऊन जा."

दौलतराव ट्रंक उचलून चार पावलं रस्त्यानं चालत. पोरं जागची हलत नसत. शेवंताबाई तर तोवर जिना चढून वर गेलेल्या असत. दौलतराव परत येत आणि विचारत, "चादर तरी धुतली का यंदा?"

एकदा मी रात्री वर खुर्ची पोचवायला गेलो होतो. खोलीतला दिवा मालवलेला. तिन्ही पोरं पलंगावर उताणी पडली होती आणि झुल्याचे लाल, हिरवे, पिवळे दिवे खिडकीतून शिरून छतावर गोल गोल फिरत होते. बाहेर धुकं उतरलेलं, त्यातून मेळ्यातली रेकॉर्ड लांब कुठल्या गावात वाजत असल्यासारखी ऐकू येत होती. अठरा रुपयांवरून तासाभरापूर्वी तणतणणारे दौलतराव तोंड उघडं टाकून वर पाहत होते. मी खुर्ची हातात धरून तसाच उभा राहिलो. खोली खाली कुठंच टेकलेली नाही, आम्ही सगळे तरंगतो आहोत, असं काहीतरी वाटलं. जिन्याच्या वरच्या पायरीवर नत्थूजी बसले होते. ते मात्र छताकडं पाहत नव्हते. ते त्या माणसांकडं पाहत होते.

सकाळी पाहुणे निघायचे आणि आमच्या भिंतीपलीकडून हाक यायची.

"सूनबाई, ये वं! पाव्हणी निघून राहिली."

सूनबाई म्हणजे माझी कुसुम. नत्थूजींच्या पत्नी गिरजाबाई काही वर्षांपूर्वी वारल्या होत्या. घरात दुसरं बाईमाणूस नाही, आणि पुरुषानं कुणाची ओटी भरायची रीत नाही. म्हणून लॉजमध्ये उतरलेल्या बाईची ओटी भरायला कुसुमला जावं लागे. खण, नारळ, तांदूळ ताटात तयार असायचे. पोरांच्या हातात खाऊचे पैसे, बरोबर तिळाच्या लाडवांची शिदोरी. दौलतराव ती शिदोरी ट्रंकेत ठेवता ठेवता भाव फार असल्याचं पुन्हा एकदा सांगून घेत.

मी एका वर्षी मनातल्या मनात बेरीज केली. आले ते अठरा, आणि गेले ते त्याहून जास्त. तेव्हा मला भाववाढीचा उलगडा झाला. बाजारात खण महागला की लॉज महागायचं!

"काकाजी, हे कायचं हॉटेल हाये?" मी हसून हसून विचारलं.

"तुले हॉटेलातलं काय समजते?" ते म्हणाले. "तू नटबोल्ट पाह्य."

मग एका हिवाळ्यात मैदानात चुन्याच्या रेघा पडल्या. प्लॉट पाडले होते. मेळा शहराच्या दुसऱ्या टोकाला गेला. पण नत्थूजींनी खोली झाडली, चादर टाकली आणि पाटी टांगली: 'झुल्यासकट पंचवीस रुपये.'

"कोणता झुला, काकाजी?" मी ओरडून विचारलं.

त्यांनी नुसती पाटी सरळ केली. एरवी माझ्या प्रत्येक खोचक बोलण्याला त्यांच्याकडं तयार उत्तर असे.

दिवस जात राहिले. दुकानातून आले की ते पाटीखाली पायरीवर बसत. कन्हानची बस आजकाल उशिरा सुटते का, असं त्यांनी कुसुमला दोनदा विचारलं. खण आणि नारळ आणून ठेवले होते, ते तिनं पाहिले होते. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी सल्ले देतो. जाऊन शेजारी बसलो.

"दौलतरावले कार्ड टाका ना. म्हना, फुकट या."

"फुकट?" त्यांनी समोरच्या रेघांकडं पाहिलं. "गिरजा होती तवा घरात पाव्हण्याची पंगत उठत नोती. ते गेली अन् समद्याईचं येनं बंद झालं. पाव्हणे तिचे होते गा. मी तं फक्त घरात होतो."

मी पायरीवरचा खडू उगाच हातात घेतला.

"फुकट बोलावलं तं मानूस एक डाव येते, अन् मंग लाजते," ते म्हणाले. "किराया घेतला का हक्कानं येते. चादर मळली म्हून भांडते. घरचं मानूसच भांडते ना, वसंता?"

घरी येऊन मी कुसुमला हे सांगितलं. दुसऱ्या दिवशी शनिवार होता. मी कारखान्यातून आलो तर ट्रंक भरून दाराशी ठेवलेली आणि कुसुम नवं लुगडं नेसून उभी.

"चला जी," ती म्हणाली. "लॉजवर जाऊ."

घराला कुलूप लावून आम्ही निघालो. प्रवास दहा-बारा पावलांचा झाला. नत्थूजी पायरीवर होते. त्यांनी आधी ट्रंकेकडं पाहिलं, मग आमच्याकडं.

"खोली भेटंन का?" मी विचारलं. "पण पंचवीस फार होते. वीस करा."

त्यांनी उठून पाटीकडं बोट केलं.

"परवडत नसंन तं बर्डीवर जा."

"चादर तरी धुतली का?"

"धुतली," ते म्हणाले आणि माझ्या हातून ट्रंक ओढून घेऊन जिना चढायला लागले.

त्यांच्या हातचं गरम गरम भरीत-भाकरी जेवून मी खिडकीत बसलो. झुला नव्हता. धुक्यात मैदान बुडालं होतं, आणि त्याच्या कडेला एकच चौकोन उजळलेला होता. ती आमची स्वयंपाकघराची खिडकी होती. कुसुम दिवा मालवायला विसरली होती. इतकी वर्षं त्या घरात राहून ते रात्री असं बाहेरून मी कधी पाहिलंच नव्हतं. आत कुणीतरी फार सुखात राहत असावं, असं वाटलं. त्यांचा मला हेवा वाटला. नत्थूजींना ही खिडकी रोज दिसत असणार. पाठीमागं जिन्याच्या वरच्या पायरीवर ते बसले होते. मी मुद्दाम मोठ्यानं म्हणालो, "काकाजी, उशी लय कडक हाये!"

"डोळे मिट," ते म्हणाले.

सकाळी आम्ही ट्रंक घेऊन खाली आलो. पंचवीस रुपये मी दिले, त्यांनी मोजून घेतले. मग आतून ताट आणलं. खण, नारळ, तांदूळ. सवयीनं आमच्या भिंतीकडं तोंड करून त्यांनी हाक दिली, "सूनबाई, ये वं..."

आणि थांबले. सूनबाई समोरच उभी होती, पाहुणी होऊन.

ताट हातात धरून ते गोंधळून उभे राहिले. हयातभर चुका शोधून काढलेला मी, पण आता काय करावं हे मलाही सुचेना. शेवटी त्यांनी हळूच विचारलं, "मी भरली तं... चालंन का वं?"

कुसुमनं डोक्यावर पदर घेतला आणि पुढं पसरला.

"बापानं भरली तं चालते, काकाजी."

त्यांनी मूठ भरून तांदूळ घातले. निम्मे खाली सांडले. "गिरजा पाच मुठी टाके," ते स्वतःशीच म्हणाले आणि पुटपुटत पाच मोजल्या. खण ठेवताना त्यांच्या हातून त्याची घडी सुटली. वार न् वार कापड मोजणारा तो हात.

शिदोरी घेऊन आम्ही निघालो. नत्थूजी रस्त्यापर्यंत पोचवायला आले. आम्ही आमच्या दाराशी गेलो तरी ते तिथंच उभे होते.

"वसंता!" ते तिथून ओरडले. "पुढच्या साली तीस पडतीन! आताच सांगून ठेवतो!"

"लूट हाये काकाजी, लूट!" मी ओरडलो, आणि हातात किल्ली असून बराच वेळ मला कुलपाचं भोक दिसेना.